सातनंतर पक्षी नाहीत

आमच्या चौकात दोन पक्षी राहतात. खांबावर, पत्र्याच्या डब्यात.
पूर्व-पश्चिम ओलांडायचं असेल तर कक्को, कक्को.
उत्तर-दक्षिण असेल तर पियो, पियो,
आई हरवलेल्या पिल्लासारखं.
ज्यांना दिवा दिसत नाही त्यांच्यासाठी ते बोलतात.
ज्यांना दिसतो त्यांनाही ऐकावंच लागतं.

मी तोफू करतो. अडीचला उठतो,
भिजलेलं सोयाबीन दळतो, कढत दूध फडक्यातून पिळतो,
तेव्हा कुठे योनेझावाच्या न्याहारीत
पांढरा चौकोन थरथरतो.
म्हणजे मला साडेसातला झोपायलाच हवं.
आणि माझी उशी पियोपासून अकरा पावलांवर.
दिवसातून किती वेळा ओरडतं, एकदा मोजलं होतं.
आकडा सांगत नाही, मित्सुए हसते.

अर्ज फिरला तेव्हा मी शिक्का उमटवला.
पहिला नव्हे, चौथा.
पहिला उमटवायची हिंमत नव्हती, तेवढं कबूल करतो.
मग शिडी घेऊन दोघं आले, कमरेत वाकले,
पक्ष्यांना वेळापत्रक लावून गेले:
सकाळी सात ते संध्याकाळी सात.
त्या हिवाळ्यात मी दगडासारखा झोपलो.

जानेवारीतल्या एका रात्री जाग आली.
कशानं, सांगता येत नाही. आवाज तर नव्हताच.
बर्फ पडू लागला की आमचं गाव कापसात ठेवल्यासारखं होतं,
गाड्यासुद्धा चोरपावलांनी येतात.
खिडकीतून पाहिलं तर पलीकडे कुसाकाबे.
गरम झऱ्यावरच्या सराईत पाहुण्यांची अंगं रगडून परतणारा.
माझ्या आईचा आखडलेला खांदा
शेवटपर्यंत त्याच्याच बोटांचं ऐकायचा.
रस्त्याच्या कडेला उभा.
तळव्यांना वाट सांगणारे पिवळे उंचवटे बर्फाखाली.
काठी पुढं, हनुवटी किंचित वर,
जसं दार ठोठावून कुणी आतल्या पावलांची वाट बघतं.

हिरवा झाला. तो हलला नाही.
लाल झाला. परत हिरवा.
मला उशिरा कळलं, तो गाडीची वाट बघत होता:
बाजूनं एखादी निघाली असती
तर तिच्या आवाजाचं बोट धरून तोही निघाला असता.
गाडी नव्हती. एवढा मोकळा रस्ता,
आणि मोकळा आहे हे सांगायला कुणी नाही.

मी खिडकी उघडून ओरडलो, "निळा!"
आमच्याकडे हिरव्या दिव्याला निळाच म्हणतात.
का, ते ठाऊक नाही. त्याला तर दोन्ही सारखेच.
त्यानं तोंड माझ्याकडे वळवलं.
"कुठला निळा? तुमच्याकडे यायचा, की नदीकडे जायचा?"

खरंच की.
बासष्ट वर्षं दिवे बघून रस्ते ओलांडले,
निळ्याला बाजू असते हे कधी मनात आलं नव्हतं.
मग तोंडाला येईल ते केलं. पियो.
अंगावर झोपेचे कपडे, दात पेल्यात,
आणि मी खिडकीत ओणवा होऊन पियो, पियो.

तो निघाला.
ताज्या बर्फावर काठीची बारीक रेघ,
तिच्या मागं दोन पावलं, आणखी दोन.
निम्म्यावर माझा श्वास संपला. तो तिथंच थांबला,
डोक्यावर, खांद्यांवर बर्फ साचू देत.
"पिल्लू दमलं वाटतं," म्हणाला.
मी परत सुरू केलं. माझ्या खिडकीखाली आला,
टोपी झटकली, आणि भिंतीच्या कडेनं गेला.
अर्जावर कुणाकुणाचे शिक्के होते, विचारलं नाही.
त्याला ठाऊक नसेल, असंही मी म्हणत नाही.

अर्ज मागं घ्यायचा तर वेगळा कागद लागतो.
तो दुकानात, वजनकाट्याशेजारी ठेवलाय.
आज सकाळपर्यंत त्यावर एकच शिक्का आहे,
पहिला.
गिऱ्हाइकं वाचतात, तोफू घेतात, थंडीबद्दल बोलतात.

तोवर मी पावणेदहाचा गजर लावतो.
मित्सुए कुशीवर वळत म्हणते,
दात तरी लाव रे, दात नसले की तुझं फियो होतं,
बिचारा भलत्याच दिशेला जायचा.